हूक कुठे लावलाय?

मला उंचीची भीती वाटते. जिन्याची नाही, गच्चीची वाटते. कठड्यापासून दोन हात लांब उभी राहूनही तळपाय गार पडतात. ही गोष्ट मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितली नाही, कारण नोकरी बांधकामावर सुरक्षा अधिकाऱ्याची होती. उंचावर काम करणारी माणसं पडू नयेत, हे बघायचं माझं काम. निवड झाली तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की जिला भीती वाटते तीच नीट काळजी घेईल. युक्तिवाद बरा होता. फक्त तो पाठ म्हणत मला रोज उंच इमारतीच्या कडेला जाऊन उभं राहावं लागणार होतं.

घर बुधवार पेठेत, नवऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावर. काम वाघोलीत. त्या वेळी वाघोलीत एका बाजूला ज्वारी उभी असायची आणि बांधाच्या पलीकडे टॉवर. सकाळी मी बूट घालून बाहेर पडताना खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा सासूबाईंना विचारलं, "सून नेमकं काय करते हो?" सासूबाई म्हणाल्या, "लोकांना पडायला शिकवते." मी दुरुस्ती केली, "न पडायला." त्या म्हणाल्या, "तेच ते. ती ओरडते आणि ते पडत नाहीत."

ओरडण्याबद्दल त्यांचं बरोबर होतं. दिवसभर माझा एकच प्रश्न असायचा, हूक कुठे लावलाय? अंगावर पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट असतो. त्याच्या पाठीवरच्या कडीला एक दोरी, दोरीच्या टोकाला मोठा हूक. माणूस पडला तर तो हूक ज्याला लावलाय त्याने माणसाला धरून ठेवायचं. त्या जागेला अँकर पॉइंट म्हणतात. कामगार त्याला 'अंकल पॉइंट' म्हणायचे. मी सुरुवातीला दुरुस्त करत होते. पुढे माझ्याही तोंडून एकदा प्रकल्पाच्या साहेबांसमोर 'अंकल' गेलं आणि तो विषय तिथेच संपला.

बेल्ट सगळे घालायचे. माझ्या भीतीने घालायचे, असं मला वाटे. प्रत्यक्षात बेल्ट नसेल तर गेटवर आत सोडत नसत. पण हूक मनाला येईल तिथे. कोणी तारेने गुंडाळलेल्या पाइपाला लावे, कोणी पाण्याच्या नळाला, कोणी स्वतःच्याच बेल्टला. एकाने उघड्या खिडकीच्या चौकटीला लावला होता, जी चौकट तो स्वतः बसवत होता. मी रोज सकाळी सगळ्यांना जमवून भाषण द्यायची. बहुतेक जण बिहार-बंगालकडचे, त्यामुळे भाषण हिंदीत. माझी हिंदी पेठेतली. "यह हूक जो है, वह डोके के ऊपर लगाने का. पाय के पास नहीं लगाने का. ऐसी जगह लगाने का कि उसको चारचाकी टांगी तो भी वह हलनी नहीं चाहिए." सगळे फार गंभीर चेहऱ्याने ऐकत. नंतर कळलं, की 'टांगी' शब्दापर्यंत न हसता कोण टिकणार, यावर त्यांच्यात पैजा लागत.

शटरिंगचं, म्हणजे स्लॅब ओतण्याआधीच्या फळ्या-टेकूंचं काम एका स्थानिक ठेकेदाराकडे होतं. त्या टॉवरखालची जमीन पूर्वी त्यांचीच. पन्नाशीचा भारदस्त माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळावर बुक्का. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे. अण्णा बेल्ट घालत नसत. मी हटकलं की म्हणत, "म्याडम, हितं माझी हीर होती. त्या हिरीत मी सूर मारायचो. मला काय पडायची सवय न्हाई व्हय?"

"विहिरीत खाली पाणी होतं, अण्णा."

"मग टाका की पाणी."

यावरचं उत्तर मला संध्याकाळी, नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सुचायचं.

शेवटी मी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. गेटजवळच्या मोकळ्या जागेत एक भक्कम लोखंडी चौकट उभी केली, वरच्या आडव्या तुळईला पोलादी तारेचा वेढा घातला. सिमेंटच्या पोत्यात वाळू भरली, पोत्याला बेल्ट घातला आणि आधी त्याचा हूक चौकटीवर तारेने बांधलेल्या एका पाइपाला लावून ते वरून ढकललं. पाइप निघून आला, पोतं खाली फुटलं. मग दुसरं पोतं तुळईला अडकवून ढकललं. ते छान लोंबकळलं. मी विजयी मुद्रेने गर्दीकडे पाहिलं. गर्दी पोत्याकडे पाहत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "बोरी का क्या है मॅडम, बोरी को डर नहीं लगता."

बोचलं. भीतीचा विषय निघाला की मी शहाणपणाने वागत नाही. मी म्हटलं, "ठीक है. मैं दिखाती हूँ."

तिथे चाकांचं एक मचाण होतं, पुरुषभर उंचीपेक्षा थोडं उंच. ओढणी कमरेला खोचून मी त्यावर चढले, बेल्ट तपासला, हूक डोक्यावरच्या तारेत लावला, ओढून पाहिला. सगळं पुस्तकात असतं तसं. फक्त काठावर उभं राहून मागे रेलायचं होतं, म्हणजे दोरी माणसाचं वजन पेलते हे दिसलं असतं. पाय मचाणावरच राहणार होते. मी रेलले. दोरी ताणली. मी म्हणाले, "देखो, मैं कितनी सुरक्षित हूँ," आणि पायांनी किंचित जोर दिला.

मचाणाच्या चाकांना ब्रेक असतो. तो लावायचा असतो, हे मी दर सोमवारी सांगत असे.

मचाण माझ्या पायाखालून संथपणे निघालं. उतारावरून जरा वेग घेत ड्रेनेजच्या चरापर्यंत गेलं आणि त्यात एक चाक घालून कलंडलं. मी तिथेच राहिले. म्हणजे हवेत. दोरीने एक छोटा हिसका दिला, तारेचा वेढा कुरकुरला आणि मी त्या पोत्याच्या शेजारी, त्याच्याइतकीच छान लोंबकळू लागले.

मग टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, हेच दाखवायचं होतं.

मीही तसंच भासवलं. वरून म्हणाले, "तो आपने क्या देखा?" तोवर जांघेतले पट्टे रुतायला लागले होते. सुटावं तर हूक पाठीमागे, डोक्याच्या वर, हात पोचत नव्हता. शेवटी जरा हळू आवाजात मी म्हणाले, "अब सीढ़ी लाओ."

दोघे शिडी आणायला धावले आणि रिकाम्या हाताने परत आले. साइटवरच्या शिड्या वरून-खालून जाड तारेने बांधून टाकलेल्या होत्या. पक्कड लागत होती. शिडी कुणाला सहज हलवता येता कामा नये, हा नियम मीच काढला होता आणि त्याच्या पाट्या माझ्याच अक्षरात होत्या. पक्कड स्टोअरमध्ये. स्टोअरला कुलूप. स्टोअरकीपर जेवायला.

खालून कुणी पाय धरून उचललं असतं तर थोडा आराम पडला असता. पण मॅडमच्या पायाला हात कसा लावायचा, यावर खाली चर्चा सुरू झाली. माझे बूट त्यांच्या डोक्याच्या पातळीला होते. एकाने पुढे होऊन हात जोडल्यासारखे केले आणि परत मागे गेला.

बेल्टमध्ये निश्चल लटकून राहणं धोक्याचं असतं. पायात रक्त साठतं, माणूस बेशुद्धही पडू शकतो. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पाय हलवायला सुरुवात केली. सायकल चालवल्यासारखे, जोरजोरात. खाली कुजबूज झाली. "ये पैर क्यों हिला रही हैं?"

"यह ट्रेनिंग का भाग है," मी वरून सांगितलं. एक-दोघांनी मोबाइल काढले. साइटवर मोबाइलला बंदी आहे, असं मी ओरडले आणि त्या हिसक्याने स्वतःभोवती गोल फिरले. आता माझी पाठ गर्दीकडे आणि तोंड ज्वारीकडे होतं. तसंच बोलत राहिले.

इतक्यात अण्णांचा आवाज आला. "म्याडम, वर काय बघताय?"

मी ज्वारीकडेच बघत राहिले. बोलले असते तर रडले असते.

अण्णांनी चर पाहिला, मचाण पाहिलं, लोंबकळणारं पोतं आणि लोंबकळणारी मी पाहिली. गेटशी वाळूची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर उभा होता. त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं, पांढऱ्या पँटनिशी स्वतः चढले आणि ट्रॉली मागे मागे घेत बरोबर माझ्या खाली आणून लावली. वाळूचा ढीग माझ्या बुटांना लागला. "टेकवा पाय. घाबरू नगा. आपल्याच शेतातली वाळू हाय असं समजा." मी टेकवले. हूक अण्णांनीच वाळूवर चढून काढला आणि मी तिथेच बसले. तुळईला घातलेला तो तारेचा वेढा त्यांनी हाताने ओढून पाहिला आणि म्हणाले, "हे बाकी पक्कं हाय."

दुपारी प्रकल्पाच्या साहेबांनी बोलावलं. हे सदाशिव पेठेतले. आवाज कधी चढत नसे, त्याची गरजही पडत नसे. "बसा. आपलं प्रात्यक्षिक उत्तम झालं असं ऐकतो. सुरुवात छान, मध्य प्रभावी. शेवट ठरवला नव्हतात का?"

"नाही, सर."

"ठरवत जा. पडणाऱ्याला वर टांगून ठेवायचं आणि घरी फोन करायचा, असा आपला बेत असेल तर तसं लिहून द्या."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. नवरा इतका हसला, की दुकानातून वर आलेला चहा त्याने सांडला. सासूबाई हसल्या नाहीत. मांड्यांवर पट्ट्यांचे काळेनिळे वळ उठले होते, तिथे त्यांनी तेल चोळलं. चोळता चोळता म्हणाल्या, "दोरी तुटली नाही ना? मग झालं तर. उतरायचं काय ते बघ आता."

साहेबांनी आणि सासूबाईंनी एकच गोष्ट सांगितली होती आणि ती खरी होती. अँकर पॉइंट कितीही भक्कम असला, तरी तो माणसाला फक्त थांबवतो. पुढे त्याला खाली आणायला कोणीतरी लागतं, आणि ते काय करायचं हे त्याला आधीच ठाऊक असावं लागतं. मला वाटायचं, मी सगळं शिकवते. मी गोष्टीचा अर्धाच भाग शिकवत होते.

मग मी दोन कामं मागे लागून करून घेतली. एक म्हणजे प्रत्येक मजल्यावर, कडेच्या खांबांत, काँक्रीट ओतण्याआधीच लोखंडी कड्या बसवायला लावल्या. डोक्याच्या वरच्या उंचीवर, पिवळ्या रंगाच्या, इंजिनिअरने तपासून दिलेल्या. एका कडीला एकच माणूस. अण्णांना हा खर्च आणि खटाटोप दोन्ही पसंत नव्हते. ते सगळ्यांना सांगत सुटले, "म्याडम खांबांना बुगड्या घालायला निघाल्यात." दुसऱ्या दिवसापासून सबंध साइटवर त्या कड्यांचं नाव बुगडी पडलं. अंकल पॉइंट मागे पडला. बंगाली माणूससुद्धा "बुगडी में लगाओ" म्हणू लागला, तेव्हा मी भाषेच्या बाबतीत हात टेकले.

दुसरं काम म्हणजे, लटकलेल्याला सोडवायचा दोरी-कप्पीचा संच मागवला आणि त्याचा सराव सुरू केला. वाळूच्या पोत्याला जुना बॉयलर सूट, म्हणजे अंगभर घालायचा कामाचा डगला, आणि हेल्मेट चढवलं. ते स्लॅबच्या कडेवरून खाली सोडायचं. वरच्यांनी दुसऱ्या बुगडीला कप्पी लावायची, लांब काठीने पोत्याच्या पाठीच्या कडीत हूक अडकवायचा, जरा वर ओढून त्याची मूळ दोरी सैल करायची, मग सावकाश खालच्या मजल्यावर उतरवायचं. तिथे दोघांनी आत ओढून घ्यायचं. दर आठवड्याला हेच. पहिल्या वेळी पोतं उलटं खाली आलं. दुसऱ्या वेळी हेल्मेट खाली पडलं आणि साहेबांच्या गाडीच्या टपावर आदळलं. पुढे पुढे सगळ्यांना इतका कंटाळा आला, की ते गप्पा मारत मारत पोतं उतरवू लागले. मला वाईट वाटायचं. मी कळवळून सांगतेय आणि हे क्रिकेटच्या गप्पा मारताहेत.

त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, अण्णा वरच्या मजल्यावर आले. बाल्कनीच्या शटरिंगच्या फळ्या इमारतीच्या कडेबाहेर पुढे काढलेल्या होत्या, त्या बघायला. तोवर त्यांना बेल्ट घालायला मी भाग पाडलं होतं. म्हणजे गेटवरच्या वॉचमनने पाडलं होतं. पांढऱ्या शर्टावर त्या पट्ट्यांच्या घड्या पडत, म्हणून ते चिडलेलेच असत. आल्या आल्या त्यांनी हूक गुडघ्याच्या उंचीच्या आडव्या पाइपाला अडकवला आणि पुढे निघाले.

"अण्णा, हूक कुठे लावलाय?"

"लावलाय की."

"तो पाइप तारेने बांधलाय. शिवाय पायाशी आहे. पडलात तर दुप्पट खाली जाल. वर बुगडी आहे, तिला लावा."

"म्याडम, मला पडायचं न्हाई."

"कोणाला पडायचं असतं हो?"

आमची बाचाबाची झाली. मी वाट अडवून उभी राहिले, कडेपासून नेहमीसारखी दोन हात लांब. ते म्हणाले, तुम्ही आधी कडेला येऊन दाखवा. मी म्हटलं, मला भीती वाटते. हे मी त्या साइटवर पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. अण्णा पुटपुटत परत आले, पाइपाचा हूक काढला आणि वरच्या बुगडीला लावला. "घ्या. घातली बुगडी. आता जाऊ का नटून?"

ते बाहेरच्या फळीवर गेले आणि फळी वाकली. खालचा टेकू सरकला असावा. मला फक्त 'फट्' असा आवाज ऐकू आला, आणि पांढरा शर्ट दिसेनासा झाला. फळीबरोबर तो आडवा पाइपही उपटून गेला आणि दोन्ही खाली राडारोडा अडवायला बांधलेल्या जाळीत जाऊन पडले. वरच्या बुगडीपासून दोरी ताठ झाली होती, कडेला घासत हलत होती.

मी काय केलं हे सांगायला हवं, कारण नंतर ज्याने त्याने वेगळं सांगितलं. मी किंचाळले, "थांबा! कोणी हात लावू नका! आधी खांब, कप्पी, नाही, आधी काठी!" क्रम पूर्ण चुकला होता. पण माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. एकाने कप्पी बुगडीला लावली होती. दुसरा काठी घेऊन कडेला पालथा झोपला होता, त्याचा स्वतःचा हूक शेजारच्या बुगडीत. दोघे जिन्याने खाली पळाले होते. तेच कंटाळलेले लोक. मी अजून "काठी, काठी" म्हणत होते.

मग मी कडेला गेले. गुडघ्यांवर रांगत, हूक लावून, पण गेले. हेल्मेट उडालेलं, खाली अण्णांचं टक्कल दिसलं. ते संथ हलत होते. त्यांनी मान वर केली. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"म्याडम," ते बारीक आवाजात म्हणाले, "पाय हलवू का?"

"हलवा, अण्णा! हलवत राहा!"

आणि तो भारदस्त माणूस हवेत सायकल चालवू लागला. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी त्यांना कमरेला धरून आत ओढलं, तेव्हाही त्यांचे पाय फिरतच होते.

त्यांना दवाखान्यात नेलं. बरगड्यांना मुका मार, मांड्यांवर वळ. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा ते ओसरीवर गादी टाकून बसले होते. त्यांच्या पत्नीने मला आत नेऊन पाटावर बसवलं, माझी ओटी भरली आणि माझा हात धरून ठेवला. मी म्हटलं, "वहिनी, वळांवर तेल चोळा." त्या म्हणाल्या, "त्ये न्हाई चोळू देत. गुदगुल्या होत्यात म्हणं."

अण्णा पुढच्या महिन्यात कामावर आले, तेव्हा सकाळच्या भाषणाला स्वतःहून उभे राहिले. मला एका बाजूला बसायला सांगितलं. तेव्हापासून ती जागा त्यांनी सोडलीच नाही. लोक त्यांचं ऐकतात, माझ्या तिप्पट ऐकतात. त्यांची हिंदी माझ्याहून वाईट आहे, पण कुणी पैजा लावत नाही. फक्त त्यांच्या सांगण्यात मजले वाढत चाललेत. परवा ते विसाव्या मजल्यावरून पडले होते. आमचा टॉवर चौदा मजली आहे, हे मी बसल्या जागेवरून सांगायला गेले, तर ते म्हणाले, "म्याडम, तुमी कडेला व्हता का बघायला? रडत बसला व्हता तुमी."

मी रडत नव्हते. तेव्हा तरी नाही. रडले ते नंतर, स्टोअरच्या मागे, आणि तेसुद्धा हेल्मेट घालून.